सव्वीस शुक्रवार

मुकुट घरी येण्याचा आणि कागदांवर सही करण्याचा रविवार एकच, हे दुआर्तेने परस्पर ठरवून टाकलं होतं. "देवाचं आणि पतपेढीचं एकाच दिवशी कशाला?" असं त्याच्या आईने, बेल्मिराने, विचारून पाहिलं, पण फुर्तादोंच्या घरात तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायची रीत नव्हती. फार तर कुणीतरी "बघू गं" म्हणायचं, आणि मग कुणीच बघायचं नाही.

चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट वरच्या बैठकीत कागदी फुलांमध्ये बसवून झाला. अमेरिकेत येऊनही इथल्या पोर्तुगीज कुटुंबांनी तो सणाला घरोघरी फिरवायची रीत मोडली नव्हती, आणि या वर्षी पाळी फुर्तादोंची होती. आता सात दिवस रोज संध्याकाळी जपमाळ, येईल त्याला कॉफी आणि गोड पाव, आणि शेवटच्या दिवशी पावावर ओतलेल्या मांसाच्या रश्शाचं जेवण. वरच्या स्वयंपाकघराला मात्र कुणी हात लावला नाही. ते पाहुण्यांना दाखवायचं. तिथल्या शेगडीवर तीस वर्षांत तेलाचा थेंब उडालेला नव्हता. रांधायचं, जेवायचं आणि भांडायचं ते सगळं तळघरातल्या दुसऱ्या स्वयंपाकघरात, बॉयलरच्या शेजारी.

जेवणं उरकल्यावर सगळे तिथल्याच लांब टेबलाशी बसले होते. टोकाला जिल्बेर्तो. चाळीस वर्षं फॉल रिव्हर शहरभरच्या लोकांच्या तळघरांत उतरून घर गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त केलेला हा माणूस. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला आणि आता स्वतःच्या तळघरात उतरायला त्याला मुलाचा खांदा लागत होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. शेजारी त्याची थोरली बहीण अर्मिंदा. मुलं तिला आत्या म्हणत, मुलांचं ऐकून बेल्मिराही, आणि बाकीचा मोहल्ला तिला टरकून असे. समोर दुआर्ते, पंधरा वर्षं बापाच्या हाताखाली काढलेला. त्याच्या बाजूला लिडिया, वूस्टरहून लॅपटॉप घेऊन आलेली मुलगी. बेल्मिरा सिंकपाशी उभी होती. ती बसली नाही म्हणून कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

प्रश्न साधा होता. दुआर्तेला धंदा स्वतःच्या नावावर करून वाढवायचा होता. नवी व्हॅन, नवी हत्यारं, बॉयलरच्या जोडीला विजेवर घर गरम करणारे हीट पंप. त्यासाठी नव्वद हजार डॉलरचं कर्ज. पतपेढीवाला म्हणाला, आधीच्या वर्षांचा नफा फारच किरकोळ दिसतोय, पण गेलं वर्ष चांगलं गेलं असेल तर धंद्याचा वेगळा, नीट हिशेब आणा, आणि तारण म्हणून घर लिहून द्या. घर जिल्बेर्तो आणि बेल्मिरा, दोघा नवरा-बायकोच्या नावावर होतं. म्हणजे बेल्मिराची सही लागणार होती.

आणि वेगळा हिशेब ही गोष्ट जिल्बेर्तोने आयुष्यात कधी केली नव्हती. त्याचं खातं एकच. सुटे भाग त्यातून, मासळी त्यातून, लिडियाचा चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा पांढरा झगाही त्यातूनच. "मला दोन खाती कशाला? मी काय दोन माणसं आहे?" असं तो म्हणायचा. त्याच्या आजारपणामुळे कराचे कागद भरायलाही मुदत वाढवून घ्यावी लागली होती. शेवटी एप्रिलमध्ये लिडियाने हिशेबाचं एक अ‍ॅप घेतलं, गेल्या वर्षाच्या सगळ्या नोंदी त्यात ओतल्या. अ‍ॅप एकेक नोंद पडद्यावर दाखवायचं आणि खाली दोनच बटणं: धंदा, घर. जमेच्या नोंदी तिने आधीच लावून टाकल्या होत्या. खर्चाच्या साठेक नोंदी तिला एकटीला कळेनात, त्या आज घरात बसून निकालात काढायच्या होत्या.

"अठ्ठावीस मे," लिडियाने वाचलं. "खाटीक. सहाशे चाळीस. हे घर."

"घर कसं?" जिल्बेर्तोची जीभ अजून जरा जड पडायची, पण वाद घालायला पुरेशी होती. "मुकुटाच्या जेवणाला मांस दिलं होतं मी. जेवायला कोण आलं? मेदेइरोस आला. त्याचा बॉयलर कुणाकडे? माझ्याकडे. त्याचा साडू आला. त्याचा कुणाकडे?"

"बाबा, ती देवाची सेवा झाली."

"सेवा देवाची, पण जेवली गिऱ्हाइकं."

"पाद्रीबाबांचा बॉयलरसुद्धा आपणच बघतो," अर्मिंदा म्हणाली. "मग मिस्साही धंद्यात घाल ना, पोरी!"

दुआर्ते हसला. लिडियाने 'घर' दाबलं.

"जूनमध्ये पुष्पचक्र. पंच्याऐंशी."

"धंदा," जिल्बेर्तो म्हणाला. "म्हातारा कोर्देइरो गेला तेव्हाचं. तो गेला, पण बॉयलर तिथेच आहे. बायकोने दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं तर?"

"बोलावलं का?"

"छे! बिचारी अजून मलाच बोलावते."

हे मात्र सगळ्यांना पटलं. मग व्हॅनचे टायर आले. सोमवार ते शनिवार व्हॅन धंद्याची आणि रविवारी चर्चला जाते म्हणून घरची, तर टायरची वाटणी कशी करायची, यावर पंधरा मिनिटं गेली. लिडिया म्हणाली, कुठे किती मैल गेलात ते लिहून ठेवायला हवं होतं. अर्मिंदा म्हणाली, चर्चला जातानाचे मैल देवदूत मोजतात, ते सरकारला देत नाहीत. मग द्राक्षं आली, वाइन घालण्यासाठी घेतलेली. तीन बाटल्या गिऱ्हाइकांना आणि बाकीची जिल्बेर्तोला. "घर," लिडियाने कुणाला न विचारता दाबलं.

"तीस डिसेंबर. पाणी फिरवणारा पंप. तीनशे दहा."

"धंदा!" बाप-लेक एकदमच म्हणाले, आणि लिडियाने तेच दाबलं.

बेल्मिरा ताटल्या पुसत होती. पुसलेली ताटली तिने पुन्हा पुसली. तिला हिशेबातलं काही कळत नाही असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं होतं, आणि त्याचा तिला आजवर तसा त्रास झाला नव्हता. पण घर तिला कळत होतं. तीन मजल्यांचं लाकडी घर. पहिल्या मजल्यावर ते दोघं, दुसऱ्यावर दुआर्ते आणि त्याचा संसार, तिसऱ्यावर भाडेकरू. ते भाडं म्हणजे तिचं म्हातारपण. झटका आलेल्या नवऱ्याला घेऊन या वयात दुसऱ्याच्या घराचं भाडं भरायला तिला जायचं नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि ती सकाळपासून वाटत होती, अगदी मुकुटापुढे गुडघे टेकले तेव्हासुद्धा.

"झालं," लिडिया म्हणाली. तिने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. "गेल्या वर्षाचा नफा. एकतीस हजार सहाशे चाळीस."

दुआर्तेने टेबलावर अशी थाप मारली की कप उडाले. "बघ! मी म्हणत नव्हतो? हे बघितल्यावर तो पतपेढीवाला खुर्ची पुढे सरकवून बसवेल आपल्याला."

अर्मिंदाने भावाच्या कपाळाचा मुका घेतला. "एका पान्यावर माझ्या भावाने हे घर उभं केलं," ती म्हणाली. हे वाक्य ती प्रत्येक बारशाला, लग्नाला आणि मयताला म्हणत आली होती, पण आज तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "चार तोंडं भरली एका माणसाने. कुणापुढे हात पसरला नाही."

जिल्बेर्तोची नजर बॉयलरकडे गेली.

दुआर्तेने कागद काढले, पानं उलटली आणि पेनाचं टोपण काढून पेन आईच्या बाजूला ठेवलं. "आई, इथे एक सही आणि इथे एक. बस, मग तू मोकळी."

बेल्मिराने हात पुसले. खुर्ची ओढून पहिल्यांदाच बसली. पेन तिने उचललं नाही.

"गिऱ्हाइकांची नावं दाखवतं का गं ते?" तिने लिडियाला विचारलं.

"हो. बघायचीत?"

"सगळ्यात मोठं कोणतं?"

"आई, आत्ता कशाला ते?" दुआर्ते म्हणाला.

"विचारतेय नुसतं."

लिडियाने एक-दोन ठिकाणी बोट टेकवलं. "एन. एल. एस. म्हणून कुणीतरी आहे. दर दुसऱ्या शुक्रवारी पैसे येतात, एकदासुद्धा चुकलेले नाहीत. वर्षाचे साडेएकोणतीस हजार. बाकी सगळे तुकडे-तुकडे आहेत."

"कोण हे एन. एल. एस.?"

"बाबांचं नेहमीचं गिऱ्हाईक. मलाही कळेना, म्हणून एप्रिलमध्ये फोन करून विचारलं. बाबाच म्हणाले, नेहमीचं आहे, जमेला धर."

बेल्मिराने नवऱ्याकडे पाहिलं. जिल्बेर्तो बॉयलरवरच्या दाबाच्या काट्याकडे बघत होता. मे महिन्यात त्या काट्यावर बघण्यासारखं काही नसतं.

ती उठली. वॉशिंग मशीनच्या मागे खिळ्याला एक करडा कोट लटकत होता. नाताळापासून कुणी तो घातला नव्हता, धुतला नव्हता की टाकून दिला नव्हता. तिने तो आणून टेबलावर, कागदांच्या वर ठेवला. खिशावर निळ्या दोऱ्याने तीन अक्षरं शिवलेली होती.

एकोणीस वर्षं तो कोट या घरातून रोज पहाटे बाहेर गेला होता आणि दुपारी परत आला होता. घरात सगळे नुसतं 'लाँड्री' म्हणत. आई लाँड्रीत गेली, आई लाँड्रीतून आली. हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कंपनीचं नाव काय, हे कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिला एक फॉर्म भरायला दिला, पगार कुठल्या खात्यात टाकायचा म्हणून. तिला एकच खाते क्रमांक माहीत होता, तो तिने लिहिला.

लिडियाने आधी वाचलं. तिचा चेहरा उतरला. "अगं आई," ती म्हणाली, "हा तुझा पगार आहे."

"म्हणजे काय?" दुआर्तेने विचारलं.

"म्हणजे धंद्याचे एकोणतीस हजार आईचे आहेत."

मग अर्मिंदाच बोलली. "बेल्मिरा, हे बोलायची वेळ आहे का? झटका आलेल्या माणसापुढे? वर मुकुट बसलाय घरात!"

"वेळ मी नाही निवडली, आत्या. पेन माझ्यापुढे आणून ठेवलं."

"तुला आजच आठवलं?" दुआर्तेचा आवाज चढला. "सही करायच्या वेळेला? इतकी वर्षं गप्प बसलीस ते?"

"इतकी वर्षं माझी सही कुणी मागितली होती?"

"बरं, ठीक आहे. ठीक आहे! मग राहू दे ना ते तसंच. पैसे खात्यात आलेच होते, खोटं काय आहे त्यात? पतपेढीला कुठे कळणार आहे? मी फेडीन, आई. शपथ."

"कशातून फेडशील?" बेल्मिराने विचारलं. तिला त्याची कीव आली. अडतिसाव्या वर्षी कानाची पाळी लाल होणारा हा मुलगा तिचाच होता. "मी आता लाँड्रीत जात नाही रे."

दुआर्ते उठला, जिन्यापर्यंत गेला आणि तिथेच कठड्याला धरून उभा राहिला.

"मी असा हिशेब देणार नाही," लिडिया म्हणाली. ती रडायच्या बेतात होती आणि रडू नये म्हणून भराभर बोलत होती. "माझीच चूक आहे. मी नियम लावून ठेवला, या नावाने येईल ते सगळं जमा. काही अवघड नाही, एक बटण दाबलं की सव्वीसच्या सव्वीस नोंदी एकदम 'घर'मध्ये जातात. दाबते, थांब."

"एकदम नको."

"आई, एका सेकंदाचं काम आहे."

"असू दे एका सेकंदाचं. मी काय एकदम कमावले होते? एकेक घे, आणि मोठ्याने वाच."

लिडियाने भावाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. आत्या जपमाळेचे मणी चाचपत छताकडे बघत होती. मग लिडियाने वाचायला सुरुवात केली.

"बारा जानेवारी. अकराशे अठरा डॉलर, चाळीस सेंट." बटण दाबलं. कोपऱ्यातला नफ्याचा आकडा तेवढ्याने खाली उतरला.

"सव्वीस जानेवारी. अकराशे अठरा, चाळीस."

"नऊ फेब्रुवारी..."

"नऊशे दोन," जिल्बेर्तो म्हणाला.

लिडिया थांबली. पडद्यावर नऊशे दोनच होतं.

"बर्फ पडलं होतं," तो अजूनही काट्याकडेच बघत म्हणाला. "दोन दिवस लाँड्री बंद होती. त्यांनी दोन दिवसांचे कापले."

बेल्मिराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. इतकी वर्षं तिची समजूत होती की धंदा तिच्या पगारावर तगलाय याचा याला पत्ताच नाही. शुक्रवारी तो घरी यायचा, हात धुवायचा आणि म्हणायचा, खात्यात पैसे बरे आहेत, धंदा बरा चाललाय. ती मान हलवायची. माणसाचा स्वाभिमान आहे, त्याच्या ध्यानात येत नसेल तर आपण का आणून द्यावं, असं म्हणून ती गप्प बसायची. एकोणीस वर्षं ती त्याला जपत होती.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"शुक्रवारी सकाळी पतपेढीचं दार उघडायच्या आधी मी तिथे उभा असायचो." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तुझे आले की मग पाइपवाल्याला चेक. नाही आले तर त्याला सांगायचं, सोमवारी ये."

"मग मला कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? पोरांना वाटायचं, बाप चालवतोय."

तिला संताप आला. एवढ्या वर्षांत आला नव्हता तेवढा, पार डोक्यात गेला. आणि त्यातच कुठेतरी तिला बरंही वाटलं, की निदान कुणीतरी मोजत होतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते तिला कळेना. ती लिडियाला म्हणाली, "वाच पुढे."

लिडिया तारीख वाचायची आणि आकडा जिल्बेर्तो सांगायचा. मार्च, एप्रिल, मे. अकराशे अठरा चाळीस, अकराशे अठरा चाळीस. नऊ ऑगस्टला तो म्हणाला, "बाराशे नव्वद. जोडीची बाई रजेवर होती, तू तिच्याही पाळ्या केल्यास." एकही आकडा चुकला नाही. सप्टेंबरच्या सुमारास दुआर्ते जिन्यापासून परत आला आणि आपल्या जागेवर येऊन बसला. कोटाखालचे कागद त्याने ओढून काढले, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवले.

"आता काय करू मी?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं ते त्याचं त्यालाही माहीत नसावं.

"जुनी व्हॅन चालव," बेल्मिरा म्हणाली. "उद्या पतपेढीत जाऊन दुसरं खातं काढ. धंद्याचं वेगळं, घरचं वेगळं. वर्षभर लिडियाच्या त्या बटणांवर चालव. जे उरेल ते तुझं स्वतःचं असेल. मग पुढच्या वर्षी मुकुट कुणाच्याही घरी असू दे, तू पेन घेऊन माझ्याकडे ये. मी बघेन."

"सही करशील?"

"बघेन म्हटलं ना."

हे उत्तर फुर्तादोंच्या घरातलंच होतं. फक्त आजवर ते तिला मिळत आलं होतं.

"सत्तावीस डिसेंबर," लिडियाने वाचलं. "शेवटचा."

या वेळी जिल्बेर्तोने आधी डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला.

"सोळाशे पाच. उरलेल्या रजेचे पैसे होते त्यात," तो म्हणाला. "त्यातून तुला गरम कोट घेणार होतो मी. चांगला. बघूनही आलो होतो दुकानात."

"मग?"

त्याने हनुवटीने बॉयलरकडे खूण केली. बॉयलरच्या बाजूला पाइपांच्या मध्ये एक हिरवा पंप बसवलेला होता, आजूबाजूच्या सगळ्या सामानाहून नवा. नाताळानंतर घरातलं गरम पाणी बंद पडलं होतं, तेव्हा बसवलेला.

"तो तीनशे दहाचा?" लिडियाने विचारलं. "आत्ता धंद्यात टाकला तो?"

"तो घर," जिल्बेर्तो म्हणाला.

लिडियाने मागे जाऊन पंपाची नोंद शोधली आणि बटण बदललं. दुपारभरात पहिल्यांदाच कोपऱ्यातला आकडा वर गेला.

"दोन हजार चारशे एकोणतीस, ऐंशी सेंट," तिने वाचलं. "एवढाच राहिला नफा."

अर्मिंदाने जपमाळ पिशवीत टाकली. दुआर्ते खाली मान घालून बसला होता. जिल्बेर्तोने लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला आणि त्या आकड्यावर डाव्या हाताचं बोट टेकवलं.

"हे मात्र माझे," तो म्हणाला.

"हो," बेल्मिरा म्हणाली. "ते तुझे." आणि वर जपमाळेला माणसं यायची वेळ झाली होती, म्हणून ती कॉफी ठेवायला उठली.